गोधडी, तसबीर आणि घरचे वर्ष

जालना शहरातील मस्तगड हा काही सिंहगड-रायगडाच्या पंक्तीत बसणारा दुर्ग नव्हे. निजामुल्मुल्क असफजाह याच्या आज्ञेवरून काबिलखान नामक अधिकाऱ्याने १७२५ साली येथील किल्ला व त्यातील ही गढी बांधली. आकार चौकोनी, कोपऱ्यांस अर्धवर्तुळाकार बुरूज आणि आत सज्जे व दालने असलेली एक विहीर, एवढेच त्याचे वर्णन सापडते. आज्ञा देणाऱ्याचे नाव राहिले, बांधून घेणाऱ्याचे राहिले, सालही राहिले. ज्यांनी दगड घडविले आणि चुना वाहिला, त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. राजकीय इतिहासाची ही रीतच आहे आणि तिच्याविषयी आता तक्रार करण्यात हशील नाही. परंतु हीच रीत घराच्या इतिहासातही चालत आली आहे, आणि तेथे ती पालटणे प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे. घरात वर्षभर हातांनी जे काही घडते त्याची आठवण कशी राहावी, आणि त्या कामी छायाचित्राचा उपयोग किती व कोणता, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विचारास जालन्यासारखे दुसरे योग्य ठिकाण नाही. गावाचे नाव एका धनाढ्य विणकरावरून, म्हणजे जुलाह्यावरून पडले अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, कुंडलिका नदीच्या काठचे हे गाव कापडाशी व कापसाशी फार जुन्या काळापासून बांधलेले आहे, यात संशय नाही. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची आगगाडी येथून धावू लागली, तेव्हा सरकी काढण्याच्या व गासड्या बांधण्याच्या गिरण्यांस बरकत आली. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण अजूनही लोकांच्या तोंडी आहे. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होते. १ मे १९८१ रोजी ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. आज त्याची कीर्ती बियाण्यांसाठी व पोलादासाठी आहे. म्हणीतला पाळणा सोन्याचा असेल. पण त्यात निजणाऱ्या बाळाच्या अंगाखालचे दुपटे मात्र आजीच्या जुन्या लुगड्याचेच असे. बखर पाळण्याची होते, दुपट्याची होत नाही.

मस्तगडाच्या आसपासच्या एखाद्या जुन्या घराचे वर्ष डोळ्यांपुढे आणावे. चैत्र लागला की अंगण सारवून चैत्रांगण काढावयाचे. सूर्य-चंद्र, शंख, कासव, गोपद्मे, तुळशीवृंदावन, पाळणा, आणि मध्यभागी गौर. ही सारी चित्रे चिमटीतून सुटणाऱ्या रांगोळीने, कोणताही कागद समोर न ठेवता काढली जात. ही चित्रकला शिकविणारी शाळा नव्हती. सासूची चिमूट पाहून सुनेची चिमूट तयार होई. सायंकाळपर्यंत ते चित्र वाऱ्याने व पावलांनी पुसले जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवे काढले जाई.

मग ऊन तापू लागे. मराठवाड्याचे ऊन कोणास आवडत नाही, पण गृहिणीच्या हिशेबात ते फुकट मिळणारे इंधन होते. गहू तीन दिवस भिजवावयाचे, रोज पाणी पालटावयाचे, मग ते वाटून त्यांचा चीक काढावयाचा, तो शिजवावयाचा आणि सोऱ्यातून धोतराच्या फडक्यावर कुरडया पाडावयाच्या. उडदाचे पीठ तेलाचा हात लावून कुटावयाचे, त्याच्या लाट्या करावयाच्या आणि शेजारणी-पाजारणींनी मिळून पापड लाटावयाचे. हे काम एकटीचे नव्हेच. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. हिशेब पैशांत नव्हे, तर दिवसांत फिटे. उन्हात राखण करणारी मुले कावळे हाकण्यापेक्षा कच्चे पापड खाण्यातच अधिक गुंतलेली असत, हे सांगावयास नकोच.

वैशाखात लग्नसराई. वधूच्या मैत्रिणी व बहिणी रुखवताच्या तयारीस लागत. विणलेले रुमाल, मण्यांचे तोरण, कापडी पोपट, भरतकामाची उशी. शेतीची कामे उरकलेली आणि पाऊस अजून दूर, अशा या मोकळ्या दिवसांत गोधडीही शिवावयास निघे. जुनी लुगडी व धोतरे धुऊन, एकावर एक अंथरून, चारी बाजूंनी ताणून, धावदोऱ्याने कडेपासून आत आत शिवीत जावयाचे. कोणता तुकडा कोठे बसवावयाचा, हे शिवणारीच्या मनात असे. मधोमध बसविलेला हिरवा तुकडा कोणाच्या चोळीचा आणि काठाशी असलेला तांबडा कोणाच्या पातळाचा, हे ती न चुकता सांगे. या अर्थाने गोधडी ही घरातील पहिली स्मरणवही होय. तीत गेलेल्या माणसांचे कपडे असत आणि त्यांच्या खाली राहिलेल्या माणसांना ऊब मिळे.

पावसाळ्यात बाहेरची कामे थांबली की हात आत वळत. चातुर्मासात वाती वळावयाच्या. फुलवाती निराळ्या, लांब वाती निराळ्या. एखादी वृद्ध स्त्री लक्ष वातींचा नेम धरी आणि गप्पा मारताना तिची बोटे क्षणभरही थांबत नसत. श्रावणी अमावास्येस पोळा. शेतकऱ्याच्या घरी त्याआधी अंबाडीच्या वाखाचे नवे कासरे वळले जात, गोंडे बांधले जात, बाशिंगे तयार होत. शहरातील घरात निदान मातीची बैलजोडी तरी पुजेस लागे. भाद्रपदात महालक्ष्म्या येत. त्यांना लुगडी नेसविण्याचे काम घरातील जिच्या हातास निऱ्या चांगल्या येत तिचेच असे, आणि तो मान वयावर अवलंबून नसे. आश्विनात कामट्या तासून आकाशकंदील. हे मात्र मुलांचे व त्यांच्या वडिलांचे काम. खळ सांडली म्हणून बोलणी खावी लागत ती दोघांनाही सारखीच.

थंडी पडली की शेतातून कापूस घरी येई आणि संक्रांतीच्या हलव्याची परात निखाऱ्यावर चढे. मंद आचेवर तीळ किंवा खसखस घ्यावयाची, पाकाचे थेंब सोडावयाचे आणि बोटांनी हलवीत राहावयाचे. हवा कोरडी व थंड असेल तरच हलव्यास काटा फुटतो. दमट हवेत तो विरघळतो. तो दोऱ्यात ओवून नव्या सुनेसाठी व वर्षाच्या आतील बाळासाठी दागिने होत. म्हणजे ऊन नसेल तर कुरडई नाही आणि थंडी नसेल तर हलवा नाही. घरातील हस्तकला ऋतूंच्या तंत्राने चाले. पंचांग भिंतीवर टांगलेले असे, पण त्याप्रमाणे वागत ती बोटे.

आता छायाचित्राकडे वळावे. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याची रीत जाहीर झाली, आणि पुढील पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी होते. निजामाच्या राज्यात ही कला नावारूपास आणली ती लाला दीनदयाळ यांनी. मीरतजवळच्या सरधना येथे १८४४ साली जन्मलेल्या या गृहस्थाने रुडकीस स्थापत्याचे शिक्षण घेतले, आणि पुढे सहाव्या निजामाच्या दरबारी छायाचित्रकार म्हणून ‘राजा’ ही पदवी मिळविली. त्यांची एक गोष्ट प्रस्तुत विषयास फार लागू आहे. १८९२ साली त्यांनी हैदराबादेस केवळ स्त्रियांसाठी निराळी चित्रशाळा उघडली. पडद्यातील स्त्रियांचे छायाचित्र स्त्रीनेच घ्यावे, म्हणून तिचा कारभार एका इंग्रज बाईंकडे सोपविला होता. स्त्रियांचे चेहरे छायाचित्रात यावेत अशी इच्छा कुटुंबांस होती, आणि अडचण केवळ व्यवस्थेची होती, हे यावरून उघड होते.

पण या चित्रशाळेत जाणाऱ्या स्त्रिया अमीर-उमरावांच्या. सामान्य घरात तसबीर आली ती पुष्कळ उशिरा, आणि आली तीही प्रसंगापुरतीच. लग्न झाले, मुंज झाली, मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला किंवा वडील नोकरीतून निवृत्त झाले, तर छायाचित्रकाराकडे जावयाचे. मागे रंगविलेला पडदा, शेजारी फुलदाणी, पुरुष खुर्चीवर व स्त्री उभी, आणि सर्वांच्या मुद्रा एखादा निकाल ऐकावयास बसल्यासारख्या. त्या काठिण्याचे मूळ यंत्रात होते. आरंभीच्या काचांवर चित्र उमटावयास इतका वेळ लागे की, मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावीत. पुढे कोरड्या काचा आल्या, त्यांच्या मागून गुंडाळी फिल्म आली आणि काम क्षणार्धात होऊ लागले. १९०० साली अमेरिकेत एक डॉलरला मिळणारा ब्राउनी कॅमेरा निघाला आणि छायाचित्रण मुलांच्या हातीही पडले. यंत्र पालटले, पण बसण्याची रीत तीच राहिली. हसावयाचे नाही, हलावयाचे नाही, आणि कामाचे लुगडे तर मुळीच नेसावयाचे नाही.

याचा परिणाम असा झाला की, जुन्या पेटीतील तसबिरी उलगडल्या तर चेहरे सापडतात, हात सापडत नाहीत. जिने तीस वर्षे पापड लाटले, तिचे लाटणे धरलेले एकही चित्र घरात नसते. जिच्या हलव्याचा काटा साऱ्या आळीत नावाजलेला होता, ती चित्रात हात मांडीवर ठेवून बसलेली असते. प्रसंग राहिले आणि वर्ष निसटले. तीनशे पासष्ट दिवसांपैकी एका दिवसाचे चित्र आहे; उरलेल्यांचा पुरावा म्हणजे एखादी विरलेली गोधडी.

त्यातही दुसरी हानी अशी की, चेहरे राहूनही नावे राहत नाहीत. जुन्या चित्रांभोवती बसलेल्या कुटुंबात पुढील संवाद कोणत्याही घरी ऐकू येईल.

“आजी, या कोण गं?”

“या माझ्या थोरल्या जाऊबाई. यांच्याकडूनच मी चैत्रांगण शिकले.”

“आणि त्यांच्या शेजारी?”

“त्यांना सगळे मावशीच म्हणत, बाळ. दर उन्हाळ्यात यायच्या, गोधड्या शिवून द्यायच्या. नाव... नाव आता ध्यानात येत नाही बघ.”

ज्या मावशींच्या टाक्यांखाली दोन पिढ्या निजल्या, त्यांचे नाव आठवणारे शेवटचे माणूसही ते विसरले. आजीस दोष देण्यात अर्थ नाही. दोष असेल तर तो चित्राच्या मागील कोऱ्या बाजूचा. त्या बाजूस शिसपेन्सिलीने दोन ओळी लिहावयास कितीसा वेळ लागला असता? स्मरण ही एका माणसाची मिरास असेपर्यंत ते त्या माणसाबरोबरच जाते.

आज प्रत्येक खिशात मोबाईलच्या रूपाने कॅमेरा आहे आणि एका सणास जितकी छायाचित्रे निघतात तितकी जुन्या घरात तीन पिढ्यांत मिळून निघत नसत. तरीही वर सांगितलेली उणीव भरून निघालेली नाही. अजूनही सजलेल्या महालक्ष्म्यांचे चित्र निघते; निऱ्या घालणाऱ्या हातांचे निघत नाही. ताटातील कुरडईचे निघते. चीक घोटणाऱ्या मनगटाचे निघत नाही. साधन विपुल झाले, पण नजर जुनीच राहिली. ती पालटावयाची तर फार खटाटोप नको. येत्या उन्हाळ्यात घरात किंवा शेजारी गोधडी शिवावयास निघाली, तर तिची सहा-सात चित्रे क्रमाने घ्यावीत: धुऊन वाळत घातलेली जुनी वस्त्रे, त्यांची मांडणी, पहिला टाका, कोपरा वळविण्याची रीत, शिवणारीची बोटे जवळून, आणि शेवटी पुरी झालेली गोधडी व तिच्यासह शिवणारी. खिडकीतून एका बाजूने येणाऱ्या उजेडात बोटांचे काम स्पष्ट दिसते. पावसाळ्यातील ढगाळ उजेड तर अशा चित्रास फारच अनुकूल असतो, कारण त्यात काळ्याभोर सावल्या पडत नाहीत. डोक्यावरच्या उन्हात मात्र हात पांढरे व कपडा काळा येतो. चित्र घेण्यापूर्वी करणारीची परवानगी विचारावी. तिला काम थांबवून बसावयास सांगू नये. काम चालू असतानाच घ्यावे.

एवढे झाल्यावर तिचे पूर्ण नाव, गाव, साल, आणि ती कला तिने कोणाकडून घेतली, हे लिहून ठेवावे. ही शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. गवयाचे घराणे सांगण्याची प्रथा आहे. मग चैत्रांगणाचे का नसावे?

जुन्या ठेव्याच्या जपणुकीविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रातील प्रतिमा चांदीच्या कणांची असते. तिचे शत्रू दोन, दमट हवा व हलका कागद. रंगीत चित्रातील रंग उजेडाने उडतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची पुष्कळ रंगीत चित्रे आज तांबूस पडलेली दिसतात. चिकट पानांच्या वह्यांत चित्रे ठेवू नयेत, कारण तो चिकटा पुढे चित्रासच धरून बसतो. भिंतीवर मूळ चित्राऐवजी त्याची नक्कल लावावी. मागे लिहिताना शाईची लेखणी टाळावी. शाई पाझरून पुढे येते. मोबाईलमधील चित्रे एकाच ठिकाणी ठेवू नयेत. यंत्र बिघडले की वर्षे जातात. निवडक चित्रे कागदावर छापून घ्यावीत. गोधडीस वर्षातून एकदोनदा ऊन दाखवावे, पण दिवसभर उन्हात टाकू नये, आणि घडी दर वेळी निराळ्या जागी मोडावी. एकाच घडीवर कापड प्रथम विरते. ऋतू येथेही आपला हक्क सांगतात: पावसाळ्यात पेट्या उघडू नयेत, थंडीच्या कोरड्या दिवसांत उघडाव्यात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. या साऱ्या हस्तकला म्हणजे स्त्रियांवरील कष्टांचा भारच नव्हता काय? उन्हात पाठ भाजून घेणे, रात्री दिव्याशी डोळे फोडणे, यात गोडवा कसला? खरे आहे. तो भार कमी झाला हे इष्टच झाले, आणि बाजारात पापड मिळू लागले म्हणून कोणी शोक करण्याचे कारण नाही. परंतु कष्ट संपले म्हणून कष्टांची नोंदही संपावी, हा न्याय नव्हे. ज्यांना निवड नव्हती त्यांचे कौशल्य तरी त्यांच्या नावावर मांडावे. आणि ज्यांना आज निवड आहे, त्यांच्यापैकी एखाद्या मुलीने, आणि मुलानेही, एक कला हौसेने उचलावी. आकाशकंदिलाच्या कामट्या तासणाऱ्या हातास सुई धरता येणार नाही, असे थोडेच आहे?

दुसरी सावधगिरी अशी की, छायाचित्र कलेची जागा घेऊ शकत नाही. सात चित्रे पाहून गोधडी शिवता येत नाही. दोरा किती ताणावयाचा हे शेजारी बसल्यावाचून कळत नाही. पाक कोणत्या क्षणी सोडावयाचा हे तर डोळ्यांस दिसतच नाही. ते बोटांस कळते. तेव्हा चित्राने शिकणाऱ्यास वाट दाखवावी आणि त्याने जाणतीच्या शेजारी जाऊन बसावे, हाच क्रम योग्य. पैठणच्या पैठणीस व औरंगाबादच्या हिमरूस राजाश्रय लाभला, त्यांच्यामागे बाजार उभा राहिला. म्हणून त्या कला अडचणीत येऊनही टिकून राहिल्या. चैत्रांगणास, कुरडईस आणि हलव्याच्या दागिन्यांस आश्रय एका घराचाच. घराने पाहिले नाही, तर त्यांच्याकडे पाहणारे दुसरे कोणी नाही.

मस्तगड बांधणाऱ्या कारागिरांची नावे आता कोणत्याही उपायाने मिळणार नाहीत. पण गेल्या महिन्यात ज्या पेटीतून गोधडी काढली, तिच्या तळाशी असलेल्या चित्रांची नावे सांगणारे माणूस बहुतेक घरांत अजून आहे. त्याचे वय झाले आहे, आणि सायंकाळी त्यास सवडही असते. येत्या रविवारी ती पेटी, एक वही व एक शिसपेन्सिल घेऊन त्याच्याजवळ बसावे आणि पहिले चित्र हाती देऊन विचारावे, “हे कोण?”